मुलाचं हक्कसोडपत्र होत नाही: नात्यात दत्तक देण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाटण तालुक्यातलं एक जोडपं. दोन मुली, धाकटा मुलगा सहा वर्षांचा, यंदाच पहिलीत बसलेला. वडिलांच्या किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, कमाई थांबलेली. मुलाची आत्या सांगली जिल्ह्यात विट्याला दिलेली. तिच्या यजमानांचा केरळात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा, घर सुस्थितीत, पदरी बारा वर्षांची एक मुलगी. आत्या मुलाला दत्तक घ्यायला तयार आहे. ओळखीच्या एकाने सल्ला दिला की पाचशेच्या स्टॅम्पवर ‘आई-वडील म्हणून असलेले सर्व हक्क सोडत आहोत’ असं लिहून नोटरी करा, काम झालं. मुलाच्या आईने विचारलंय: एवढ्यावर भागतं का? आणि उद्या नवरा बरा झाला तर मूल परत आणता येईल का?

ताई, पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचंही नाही. आणि हे दुसरं ‘नाही’ नीट समजून घेतल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.

आपल्याकडे बहिणी भावाला जमिनीचं हक्कसोडपत्र करून देतात. त्याच सवयीने लोक मुलाचंही हक्कसोडपत्र होतं असं समजतात. तसा कागद कायद्यात नाही. आई-वडिलांनी आपले हक्क नुसते सोडून द्यायचे आणि मूल मोकळं करायचं, असा स्वतंत्र व्यवहार भारतात नात्यातल्या दत्तकासाठी अस्तित्वातच नाही. इथे सोडणं नसतं, देणं-घेणं असतं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने घेतलं, दोघांना तसं करण्याचा अधिकार होता आणि मूल देण्याजोगं होतं, या सगळ्या गोष्टी जुळल्या की दत्तक होतं. त्यातली एक जरी निसटली, तरी नोटरीचा शिक्का कितीही ठसठशीत असो, मूल कायद्याने तुमचंच राहतं. मग दहा-बारा वर्षांनी आत्याच्या घरी वारस नोंदीची वेळ येते, दीर-जावा हरकत घेतात, आणि मुलाच्या हातात दोन्हीकडचं काही राहत नाही.

‘सोडून देणं’ याच्या जवळ जाणारी एक गोष्ट कायद्यात आहे, पण ती तुमच्या कामाची नाही. उलट घातक आहे. आई-वडील मूल सांभाळू शकत नसतील तर बाल कल्याण समितीपुढे परित्यागाचा लेख करून देता येतो. त्यानंतर फेरविचाराला दोन महिने मिळतात. ते उलटले की मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरतं आणि देशभरातल्या प्रतीक्षायादीतल्या कुटुंबाकडे जातं. ते कुटुंब कोणतं, हे तुम्ही ठरवू शकत नाही. आत्याला द्यायचं म्हणून परित्यागावर सही केलीत तर मूल आत्याकडे जाणार नाही. ‘सरेंडर’, ‘हक्क सोडणे’, ‘दत्तक’ हे शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. कार्यालयात जाताना तुम्ही मात्र ‘नात्यातलं दत्तक’ असंच म्हणा.

आता परतीचा प्रश्न. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे एकदा वैध दत्तक झालं की ते रद्द होत नाही. दत्तक घेणारे आई-वडील ते मोडू शकत नाहीत, जन्मदाते परत मागू शकत नाहीत, आणि मूल मोठं झाल्यावर दत्तकपण झुगारून जन्माच्या घरी परतू शकत नाही. तिघांनी मिळून संमतीने ठरवलं तरीही नाही. एवढंच नाही, दत्तक घेणाऱ्यांना ते मूल पुढे दुसऱ्याला दत्तक देण्याचाही अधिकार नाही, म्हणजे तुमच्याकडे ‘उलटं दत्तक’ करून आणायची वाटही बंद. दत्तकपत्रात ‘सुट्टीत मूल आमच्याकडे येईल’, ‘परिस्थिती सुधारल्यास परत देऊ’ अशी वाक्यं घालणारे पुष्कळ आहेत. पहिलं वाक्य न्यायालयात फारसं टिकत नाही. दुसरं तर दत्तकावरच संशय आणतं, कारण कायमचं देण्याचा हेतूच नव्हता असं त्यातून दिसतं.

म्हणून पुढचं सांगण्याआधी माझं मत स्पष्ट सांगतो. तुमच्या परिस्थितीत दत्तकाआधी पालकत्वाचा विचार करा. नवरा आजारी आहे, पैसा नाही, मुलाची शाळा बुडू नये, ही कारणं खरी आहेत, पण ती काही वर्षांची असू शकतात आणि दत्तक कायमचं असतं. मूल आत्याकडे राहून शिकावं एवढंच हवं असेल, तर १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली आत्याला पालक नेमावं असा अर्ज जिल्हा न्यायालयात करता येतो. मूल तुमचंच राहतं, नाव बदलत नाही, वारसाहक्क हलत नाही. शाळाप्रवेश, दवाखान्यातली सही, बँक या गोष्टी आत्या करू शकते, आणि परिस्थिती पालटली की न्यायालयाकडून तो आदेश बदलून घेता येतो. अर्ज मूल नेहमी राहतं त्या भागाच्या न्यायालयात करायचा असतो. तुमच्या बाबतीत सातारा जिल्ह्यात, विट्याचं न्यायालय बघायचं नाही.

त्याच्या जोडीला दोन गोष्टी. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अनाथ, एक पालक असलेली, आई किंवा वडील गंभीर आजारी असलेली मुलं तिच्यात बसतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, म्हणजे साताऱ्याला. एकट्या मुलाचाच नाही, तुमच्या मुलींचाही विचार होऊ शकतो. आणि डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं. तिथे अजून नाव घातलं नसेल तर दत्तकाच्या आधी ते काम करा. पैशाअभावी मूल देऊन झाल्यावर पैशाची सोय असल्याचं कळणं, यासारखं दुःख आईला दुसरं नाही.

हे सगळं करूनही दोन्ही घरांचा विचार दत्तकाचाच असेल, तर तो पक्का करा आणि मग पुढचं वाचा.

रस्ते दोन आहेत. एक १९५६ चा हिंदू दत्तक कायदा. तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. दुसरा २०१५ चा बाल न्याय कायदा. त्यात नातेवाइकाने नातेवाइकाचं मूल धर्म कोणताही असला तरी दत्तक घेता येतं, म्हणून मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठी हाच रस्ता. हिंदूंना दोन्ही खुले आहेत. कोणता घ्यायचा हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं: घेणाऱ्याच्या घरी आधी कोण आहे.

हिंदू कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मुलगा दत्तक घ्यायचा तर घेणाऱ्याला मुलगा, मुलाचा मुलगा किंवा त्याचाही मुलगा हयात असता कामा नये. मुलगी घ्यायची तर मुलगी किंवा मुलाची मुलगी हयात नको. तुमच्या नणंदेला एक मुलगी आहे, मुलगा नाही. त्यामुळे तुमचा मुलगा त्यांना घेता येतो. पण समजा उद्या विचार बदलला आणि ‘मुलाऐवजी धाकटी मुलगी द्या’ असं ठरलं, तर ते दत्तक या कायद्याने आरंभापासूनच अवैध. कागद नोंदवला तरी अवैध. हीच चूक आजी-आजोबांच्या बाबतीत सर्रास होते. मुलीचा मुलगा आजोळी वाढलेला असतो, आजोबा त्याला दत्तक घेतात, आणि घरात मामा हयात असतो. मामा म्हणजे आजोबांचा मुलगा. झालं, दत्तक गेलं. अशा घरांनी बाल न्याय कायद्याचाच रस्ता धरावा, कारण तिथे ही अट नाही. घरात दोन किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्यांना परक्याचं मूल घेताना जी बंधनं आहेत, त्यांतूनही नात्यातलं दत्तक वगळलेलं आहे. पती-पत्नीच्या वयाच्या मर्यादांचंही तसंच.

बाल न्याय कायद्याची स्वतःची एक मेख आहे. त्यात ‘नातेवाईक’ कोण हे मोजून सांगितलंय: काका, आत्या, मामा, मावशी, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. बस. मोठा भाऊ नाही, चुलतभाऊ नाही, मामेबहीण नाही. ‘आमच्यात चुलत-सख्खं असं काही नसतं’ हे घरात बरोबर असेल, पण अर्जात चालत नाही. चुलतभावाला मूल द्यायचं असेल तर हिंदू कायद्याकडेच जावं लागतं. तिथे नात्याची अटच नाही, परक्यालाही देता येतं. शिवाय बाल न्याय कायद्यात एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही, मग तो सख्खा काका का असेना. एकटी स्त्री मात्र घेऊ शकते. एका घटस्फोटित मावशीला ती नोकरी करते, मुलाकडे लक्ष देऊ शकणार नाही, अशा कारणाने भुसावळच्या न्यायालयाने नकार दिला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो आदेश फिरवला आणि भाची दत्तक घ्यायला परवानगी दिली. नोकरी करणाऱ्या आत्या-मावशांना कुणी असं कारण सांगून परत पाठवलं तर हे लक्षात ठेवा.

वयाचं बघू. हिंदू कायद्यात मूल पंधरा वर्षांच्या आतलं आणि अविवाहित हवं, रूढी वेगळी असल्यास अपवाद. जुन्या मुंबई इलाख्यात मोठ्या वयाचं किंवा विवाहित माणूसही दत्तक जाण्याची रूढी न्यायालयांनी मानलेली आहे. त्यामुळे आपल्या भागात चाळिशीतले दत्तक पुत्र दिसतात, बहुधा जमिनीसाठी. तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न नाही. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा घ्यायचा असेल तर दोघांत किमान २१ वर्षांचं अंतर लागतं. तरुण अविवाहित मावशी भाच्याला घ्यायला निघते तेव्हा हे अंतर आधी मोजावं.

आता सगळ्यात नाजूक भाग: देणारा कोण. २०१० साली ३१ ऑगस्टपासून कायदा बदलला आणि आई-वडील दोघांना मूल देण्याचा समान अधिकार मिळाला. पण कुणीही एकट्याने तो वापरायचा नाही, दुसऱ्याची संमती हवी. त्याआधी वडील देणार आणि आई संमती देणार असा ढाचा होता. आजही काही दस्तलेखकांकडे तोच जुना नमुना आहे, ज्यात ‘देणार’ म्हणून एकट्या वडिलांचं नाव आणि खाली कुठेतरी आईची सही. असा नमुना परत पाठवा. देणार म्हणून दोघांची नावं, घेणार म्हणून दोघांची नावं, चौघांच्या सह्या आणि फोटो, असाच दस्त करून घ्या. तुमच्या यजमानांची तब्येत पाहता एक काळजी जास्तीची घ्या. सहीच्या दिवशी ते पूर्ण शुद्धीत आणि समजून-उमजून सही करत होते असं डॉक्टरांचं पत्र जोडा. डायलिसिसच्या दिवशी दस्त ठेवू नका, मधल्या विश्रांतीच्या दिवशी ठेवा.

संमतीला अपवाद तीनच आहेत: दुसऱ्या जोडीदाराने संन्यास घेतलाय, तो हिंदू राहिलेला नाही, किंवा न्यायालयाने त्याला मनोरुग्ण ठरवलंय. नवरा टाकून गेला, पाच वर्षं फिरकला नाही, दुसरीशी राहतो, हे अपवादात येत नाही. अशा कितीतरी बायका मूल भावाला दत्तक देऊन टाकतात आणि नवऱ्याची सही नसल्याने ते टिकत नाही. घटस्फोटानंतरही वडिलांची संमती लागते. मुलाचा ताबा आईकडे दिला म्हणजे दत्तक देण्याचा अधिकार एकटीकडे आला असं होत नाही. जोडीदार वारला असेल तर मात्र हयात असलेला एकटा देऊ शकतो, मृत्यूचा दाखला दस्ताला जोडावा.

दोघेही नसतील तर? कोविडनंतर सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत काका-आजीकडे वाढणारी अशी मुलं आहेत. सांभाळणारा काका हा पालक असतो, आई-बाप नसतो. त्याला दत्तक द्यायचं असेल, अगदी स्वतःलाच घ्यायचं असेल, तरी हिंदू कायद्याच्या कलम ९ खाली जिल्हा न्यायालयाची परवानगी आधी लागते. ‘आधी’ या शब्दाला महत्त्व आहे. विधी उरकून मग परवानगी मागायला गेलात तर उपयोग नाही. बाल न्याय कायद्याने गेलात तर तिथे बाल कल्याण समितीची परवानगी लागते.

दत्तक शब्दाचं वजन साताऱ्याला वेगळं सांगायला नको. १८४८ मध्ये गादीवरचे छत्रपती मृत्युशय्येवर असताना घेतलेलं दत्तक कंपनी सरकारने मानलं नाही आणि राज्य खालसा केलं. तेव्हा प्रश्न सत्तेचा होता, आज वारशाचा असतो, पण घाईने आणि शेवटच्या घटकेला केलेलं दत्तकच आजही सर्वांत जास्त मोडतं.

प्रत्यक्ष विधी. दत्तहोम, म्हणजे दत्तकाच्या वेळचं होमहवन, केलाच पाहिजे असं नाही, पण मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं झालंच पाहिजे. दत्तकपत्र हा त्या घटनेचा पुरावा आहे, घटना नाही. नोंदणी कार्यालयात जाऊन नुसत्या सह्या केल्या, मूल शाळेत होतं, कुणी कुणाच्या ओटीत घातलंच नाही, असं उलटतपासणीत निघालं की दस्त कोसळतो. म्हणून घरी किंवा देवळात छोटा कार्यक्रम करा. पुरोहित असला तर उत्तम, नसला तरी चालतं. आई-वडिलांनी मूल उचलून किंवा हात धरून आत्या आणि तिच्या यजमानांच्या ओटीत द्यावं, त्यांनी घ्यावं, तोंडाने तसं बोलावं. दोन्ही बाजूंचे भाऊबंद बोलवा, विशेषतः ज्यांच्याकडून पुढे हरकत येऊ शकते ते. त्या फोटोत त्यांचे चेहरे असणं हा पुढच्या भांडणावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मुलाला आदल्या दिवशी सांगितलेलं असावं. सहा वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. न सांगता गर्दीत उचलून दुसऱ्याच्या मांडीवर बसवू नका.

दत्तकपत्रात काय हवं ते सांगतो. देणं-घेणं झाल्याची तारीख, वेळ, ठिकाण, आणि ती दस्ताच्या तारखेपेक्षा वेगळी असेल तर तसं स्पष्ट, कारण दत्तक त्या दिवसापासून धरलं जातं, नोंदणीच्या दिवसापासून नाही. मुलाची जन्मतारीख जन्मदाखल्याप्रमाणे, शाळेच्या नाही; दोन्हींत फरक असेल तर आधी दुरुस्त करा. घेणाऱ्यांना मुलगा, नातू किंवा पणतू नाही हे वाक्य. त्यांना मुलगी आहे हेही लिहा, लपवू नका. मूल आधी कुणाला दत्तक दिलेलं नाही. आणि कोणताही पैसा, वस्तू, कर्जफेड, उपचाराचा खर्च या बदल्यात दिलेला-घेतलेला नाही.

या शेवटच्या वाक्याकडे तुम्ही जास्त लक्ष द्या. दत्तकाच्या बदल्यात पैसे घेणं-देणं हिंदू कायद्याच्या कलम १७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. बाल न्याय कायद्यात मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. नणंदेने भावाच्या उपचाराला मदत करणं हे बहिणीचं काम आहे, त्यात गैर काही नाही. पण दत्तकाच्याच आठवड्यात तिच्या खात्यातून तुमच्या खात्यात दोन लाख आले, तर उद्या कुणीही त्याचा अर्थ वेगळा लावेल. मदत आधीपासून चालू असेल तर तशीच चालू द्या, दवाखान्याला परस्पर भरू द्या, आणि तिचा दत्तकाशी संबंध जोडणारा एक शब्दही कुठे लिहू नका, बोलूही नका.

नोंदणीबद्दल. दत्तकपत्र नोंदवलंच पाहिजे असं बंधन नाही, पण देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचा नोंदणीकृत दस्त असेल तर कलम १६ प्रमाणे न्यायालय दत्तक वैध आहे असंच गृहीत धरतं आणि खोटं पाडण्याची जबाबदारी हरकत घेणाऱ्यावर जाते. एवढा मोठा फायदा सोडायचा कशाला? सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकांकडे दस्त सादर करा. मुद्रांक किती याची चौकशी त्याच कार्यालयात, त्याच आठवड्यात करा; ऐकीव आकड्यावर जाऊ नका. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे पुन्हा सांगतो.

बाल न्याय कायद्याचा रस्ता घेतलात तर काम कार्यालयातून चालतं. आधी केंद्रीय दत्तक पोर्टलवर आत्या आणि तिचे यजमान ‘देशांतर्गत नातेवाईक दत्तक’ या प्रकारात नोंदणी करतात. प्रकार निवडताना चूक झाली की अर्ज परक्या मुलाच्या प्रतीक्षायादीत जाऊन बसतो. फोटो, पॅन, जन्म आणि रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, दोघांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, विवाह नोंदणीचा दाखला चढवावा लागतो. लग्नाला तीस वर्षं झालीत पण नोंदणीच नाही, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. आधी ती नोंदणी करून घ्या. मग जन्मदात्यांची विहित नमुन्यातली संमती, घेणाऱ्यांचं नातं आणि आर्थिक-सामाजिक स्थितीचं प्रतिज्ञापत्र, आणि मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची स्वतःची संमती. तुमचा मुलगा सहाचा आहे, म्हणजे त्याला विचारलं जाणार. त्याला पढवून नेऊ नका. अधिकाऱ्यांना ते लगेच कळतं आणि मुलाच्या मनावर ओझं राहतं.

कागद जिल्हा बाल संरक्षण कक्ष तपासतो आणि अर्ज त्यांच्यामार्फत पुढे जातो. सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी देतात. अर्ज आल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे, आपल्यासाठी पुण्याला, अपील करता येतं. मूल पाटणला आणि घेणारे विट्याचे असे दोन जिल्हे आले की माणसं दोन्हीकडे खेटे घालत बसतात. सुरुवात मूल जिथे राहतं तिथल्या, म्हणजे साताऱ्याच्या बाल संरक्षण कक्षापासून करा. उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगलीचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, मुंबई गाठायची गरज नाही.

आत्याचे यजमान केरळात राहतात, देशातच आहेत, त्यामुळे अडचण नाही. पण घेणारे नातेवाईक परदेशात असतील तर गावात दत्तकपत्र करून मूल विमानात बसवता येत नाही. हिंदू कायद्याने केलेल्या दत्तकालाही जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पडताळणी आणि केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं पत्र लागतं. ते नसेल तर व्हिसावर गाडी अडते आणि मूल कायद्याने परदेशातल्या आई-बापाचं, राहायला मात्र आजीकडे, असं अधांतरी राहतं.

जमिनीचं बोलू, कारण नंतरची बहुतेक भांडणं तिथलीच. दत्तक झाल्या दिवसापासून मुलाचे जन्मघराशी असलेले नातेसंबंध कायद्याने तुटतात. तुमच्या पश्चात मृत्युपत्र नसेल तर त्याला तुमच्यात वाटा नाही. मृत्युपत्राने देऊ शकता. दत्तकाच्या आधी जी मिळकत त्याच्या मालकीची झाली होती ती मात्र त्याचीच राहते. तुमच्याकडे एकत्र कुटुंबाची न वाटलेली वडिलोपार्जित जमीन असेल, तर तिच्यातला त्याचा जन्मसिद्ध हिस्सा दत्तकानंतर टिकतो का, यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांची मतं सारखी नाहीत. त्याला हिस्सा द्यायचाच असेल तर दत्तकाआधी रीतसर वाटप करून सातबाऱ्यावर नाव लावा. नंतर ठरवू म्हणालात तर ते न्यायालयच ठरवेल. आत्याच्या बाजूने बघायचं तर दत्तक घेतल्याने तिच्या यजमानांचा स्वतःची मालमत्ता विकण्याचा किंवा मृत्युपत्राने दुसऱ्याला देण्याचा अधिकार कमी होत नाही, वेगळा करार केला असेल तरच. तो करार हवा असेल तर आताच, लेखी.

दत्तक मुलापासून लपवू नका, आणि यामागे कायद्याचंही कारण आहे. जन्माच्या घरात ज्यांच्याशी लग्न होऊ शकलं नसतं, त्यांच्याशी दत्तकानंतरही होत नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. आत्याकडे दत्तक गेलेल्या तुमच्या मुलाच्या सख्ख्या बहिणी कागदावर त्याच्या मामाच्या मुली होतात. त्याला खरं माहीत नसेल आणि पंधरा-वीस वर्षांनी कुणी वडीलधाऱ्यांनी हौसेने सोयरिकीचं बोलणं काढलं तर काय होईल, याचा विचार करा.

दोन गैरमार्ग वारंवार सुचवले जातात, तेही सांगून टाकतो. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात आत्याचं किंवा जावेचं आधार कार्ड दाखवून जन्मनोंद तिच्या नावाने करायची, म्हणजे दत्तकाची भानगडच नको. तो खोटा शासकीय दस्तऐवज होतो. पुढे कधीही उघड झाला तर मुलाच्या ओळखीचा एकही कागद खरा उरत नाही. दुसरा मार्ग निवडणुकीचा. तिसरं अपत्य भावाला दत्तक दिलं की ग्रामपंचायतीला उभं राहता येतं असं गावोगाव सांगतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर ते दत्तक देऊन अपात्रता जात नाही, कारण जन्म दिलेल्या अपत्यांची संख्या मोजली जाते. तिसरं मूल दत्तक देऊन अपात्रता टाळता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात २०१८ मध्येच सांगितलंय. तुमच्या मनात हे नाही, पण तीन मुलं म्हटल्यावर कुणी ना कुणी कानाशी लागेल.

दत्तक झाल्यावरच्या कामांत क्रम महत्त्वाचा. सर्वांत आधी जन्मदाखला, ज्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जन्म नोंदवलाय तिथेच. पाटणला जन्म झाला असेल तर विट्याच्या नगरपालिकेत अर्ज करून उपयोग नाही. नवीन आई-वडिलांच्या नावाचा दाखला हाती आला की आधार, मग शाळा, मग रेशन कार्ड. आधी आधार बदलायला गेलात तर जुना दाखला मागतात आणि दोन कागदांत दोन बाप दिसू लागतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधला बदल मूल त्या शाळेत असतानाच करून घ्या. मुख्याध्यापकांकडे अर्ज, सोबत दत्तकपत्राची प्रमाणित प्रत आणि नवा जन्मदाखला. मुलगा केरळला जाणार म्हणून घाईने जुन्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. पुढे प्रत्येक प्रवेशाला आणि जातीच्या दाखल्याला तोच जुना कागद आडवा येतो. घेणारे सैन्यात असतील, आणि साताऱ्याच्या कुटुंबांत हे नेहमीचं आहे, तर युनिटच्या कार्यालयात पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे जवानाच्या कुटुंबातले बदल नोंदवणाऱ्या लष्करी आदेशाने, मुलाची नोंद करावी लागते. ती नसेल तर सवलती आणि पेन्शनच्या वेळी मूल त्यांच्या लेखी नसतंच.

दस्ताच्या किमान तीन प्रमाणित प्रती काढून ठेवा: एक आत्याकडे, एक तुमच्याकडे, आणि एक मुलाच्या नावाच्या पाकिटात. त्या पाकिटात विधीचे फोटो, फोटोमागे हजर माणसांची नावं, साक्षीदारांचे पूर्ण पत्ते आणि त्याचा जुना जन्मदाखला घाला. मूल अठराचं झालं की ते त्याच्या हातात द्यायचं, हे दोन्ही घरांनी आजच ठरवून ठेवा.